सुटलीच बघा!

मल्हारपेठेजवळच्या एका हायस्कुलात मी बत्तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं. भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांची कोष्टकं शेकडो पोरांकडून घोकून घेतली. पण कराडच्या नाक्यावर नानांच्या तोंडी 'सुटली' हे क्रियापद ज्या काळात असायचं, तो काळ मला कुठल्याही व्याकरणात सापडला नाही. रूप भूतकाळाचं, अर्थ भविष्याचा आणि गाडी वर्तमानात जागच्या जागी उभी. "या सर, सुटलीच बघा!" असं म्हणून नानांनी मला एकदा आत कोंबलं की पुढची पंचवीस मिनिटं ती सुटत राहायची.

नाना वडापवाले. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की वडाप म्हणजे एसटीच्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्याजवळ, एसटीच्याच प्रवाशांनी, एसटी यायच्या पाच मिनिटं आधी भरणारी खाजगी गाडी. मराठवाड्यात तिची बहीण काळी-पिवळी नावाने नांदते. शब्द कुठून आला हे कोशात शोधण्यापेक्षा नाक्यावर थोडा वेळ उभं राहावं. नानांच्या मते, वडून आत घालायचं म्हणून वडाप. मी त्यांना एकदा सांगितलं, की शुद्ध शब्द 'ओढणे' आहे. ते म्हणाले, "सर, तुमचा 'ओ' म्हणून होईस्तवर शीट दुसऱ्याच्या गाडीत जातंय."

शीट. नानांच्या गाडीतून माणसं कधीच गेली नाहीत, शीटं गेली. म्हातारी असो, तलाठी असो, नवी नवरी असो, सगळे नपुंसकलिंगी एकवचनात, 'ते शीट मागं सरकीव'. आणि गाडी सुटायला कायम दोन शीट कमी असायची. गाडी मोकळी असली तरी दोन, पंधरा माणसं बसली तरी दोन. "दोन शीट आलं की सुटली." ही दोन शीटं म्हणजे नेमकी कोण, हे कोडं मला बत्तीस वर्षांत सुटलं नाही. कधी दोघं जण खरंच पळत आले आणि बसले, की मी घड्याळाकडे बघून नानांकडे बघायचो. नाना शांतपणे रस्त्याच्या टोकाकडे बघत म्हणायचे, "आता दोनच."

नाना भूकंपात आठ वर्षांचे होते. आमच्या कोयनाकाठी वय असंच सांगतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोण पाळण्यात होतं, कोण गोठ्यात होतं, यावरून हिशेब निघतो. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून आहे, पण ती त्यांच्या पिढीतल्या निम्म्या तालुक्याची आहे. नाव घालायला आलेल्या पोरांना त्या काळच्या गुरुजींनी सरसकट दिलेली ती भेट. योगायोग असा, की एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली ती १९४८ सालच्या १ जूनलाच. हे मी सांगितल्यावर नाना चमकले. म्हणाले, "म्हंजी ती माजी थोरली भण लागती की!" त्यानंतर एसटीच्या पुढे गाडी घालताना ते हॉर्न जरा आदराने वाजवायचे.

अंगात पांढरा शर्ट, त्याच्या खिशाला चिल्लरीने कायमचा आलेला पोक, खांद्यावर टॉवेल, आणि आवाज असा की 'पाटण पाटण पाटण' ही हाळी दत्त चौकात ऐकू जावी. गाडी जुनी ट्रॅक्स, पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेली. पुढच्या काचेवर 'नाईकबा प्रसन्न', मागच्या काचेवर तीन मुलांची नावं. हँडब्रेक म्हणून एक दगड होता. तो क्लीनर पोरगं चाकाखाली लावायचं आणि गाडी सुटताना उचलून मांडीवर घेऊन बसायचं.

मोकळ्या गाडीत कुणी चढत नाही. वडापच्या धंद्याचा हा पहिला सिद्धांत. खानावळीत गर्दी असेल तर आणखी गर्दी होते, तसंच हे. म्हणून नंबर लागला की नाना आधी चार-पाच खोटी शीटं बसवायचे. मागच्या नंबरचा ड्रायव्हर, पानटपरीवाला, न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेला एक. हे सगळे अशा गंभीर चेहऱ्याने बसायचे, की जणू पाटणला कुणी अत्यवस्थ आहे. मग एखादं खरं कुटुंब बोचक्यांसह चढलं, की कुणाला चहाची आठवण व्हायची, कुणाला लघवीची आणि गाडी हळूहळू रिकामी होत जायची. एका रविवारी मी मेथी घ्यायला निघालो होतो. नानांनी हाताला धरलं. "सर, धा मिनटं बसा की. तुमच्या चष्म्यानं गाडीला वजन येतंय." बसलो. चष्म्याने खरंच वजन आलं असावं, कारण बघता बघता माझ्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मांडीवर माणसं आली. दारापर्यंत जाण्याचा रस्ता बंद झाला. माझं "अहो नाना" हे इंजिनाच्या आवाजात विरलं, आणि मी पिशवी हातात घेऊन विह्यापर्यंत गेलो. परतीच्या गाडीत नानांनी मला पुढची शीट दिली आणि पैसे घेतले नाहीत. घरी गेल्यावर मेथी दुपारी दोन वाजता निवडायला बसलेल्या बायकोला यातलं काहीही पटलं नाही.

कायद्याने सांगायचं तर ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत माणसं नेणारं वाहन म्हणजे मॅक्सी कॅब. नानांना हा बारा आकडा मान्य होता. फक्त तो बाकाचा आहे की गाडीचा, याबद्दल त्यांचा सरकारशी मतभेद होता. त्यांची भूमिती वेगळी. चार माणसांच्या बाकावर सहा बसवायची तर 'एक फुडं, एक मागं' बसायचं, म्हणजे खांदे एका ओळीत येत नाहीत. पोरं म्हणजे शीट नव्हेतच, ती दोन शीटांमधली भर. पुढच्या बाकावर ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस असायचा. नाना गाडीच्या मधोमध बसून, एक कुल्ला अधांतरी ठेवून, दुसऱ्याच्या बरगडीवरून हात घालून स्टिअरिंग फिरवायचे. गिअर बदलायचा झाला की "पावणं, जरा गुडघा" एवढंच म्हणायचे. मी एकदा विचारलं, "नाना, गाडीत माणसं बसतात तरी किती?" म्हणाले, "गाडीत किती बसत्यात ते बघायचं नसतंय सर. रस्त्यावर किती हायत ते बघायचं."

हे वाचायला मजेचं वाटतं, मलाही लिहायला वाटतं आहे. पण संध्याकाळी घरी पोचायला उशीर झाला की बायको पहिला प्रश्न विचारायची, "एसटीनं आलात का वडापनं?" आणि नानांचं सांगायचं तर त्यांची मुलगी पुण्याला शिकायला गेली, तेव्हा तिला सोडायला ते स्वतः स्टँडवर आले, एसटीच्या खिडकीजवळ उभे राहिले आणि गाडी हलेपर्यंत हलले नाहीत. मी बघितलं तेव्हा जरा ओशाळले. म्हणाले, "लांबचा पल्ला हाय. एसटीला काय झालं तर सरकार उभं ऱ्हातंय. आपल्याला कोण?"

कायद्यातली खरी मेख माणसांच्या संख्येत नव्हती, परवान्यात होती. टप्प्याटप्प्याला माणसं चढवायची-उतरवायची आणि प्रत्येकाकडून वेगळं भाडं घ्यायचं, याला टप्पा वाहतूक म्हणतात आणि तो मान एसटीचा. नानांसारख्यांना परवाना मिळायचा तो कंत्राटी वाहतुकीचा, म्हणजे एकाच पार्टीने सगळी गाडी ठरवायची आणि एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं. थोडक्यात, नानांची गाडी कायद्याच्या दृष्टीने रोज लग्नाला चाललेली असायची.

पुढे साहेब उभे आहेत असा समोरच्या गाडीने दिवा मारून निरोप दिला, की नाना टेप बंद करायचे आणि मान मागे वळवायचे. "मंडळी, आज आपलं वऱ्हाड हाय. पोरगी मल्हारपेठची, नवरदेव पाटणचा. सर नवरीचं मामा." मी कितीदा नवरीचा मामा झालो याची गणती नाही. माझ्या शेजारचे खताचे व्यापारी कायम नवरदेवाचे चुलते असत, आणि रोजच्या सरावाने आमच्यात मानपानाची थोडी तेढही आली होती. एकदा साहेबांनी थेट मागच्या बाकावर, मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, लग्न कुणाचं?" म्हातारी म्हणाली, "माजं झालंय की बाबा, कवाच!" साहेबांनी ओठ चावले आणि पावती फाडली.

खरा पेच पडला भाद्रपदात. नाना सवयीने म्हणाले, "साहेब, वऱ्हाड हाय." साहेब म्हणाले, "नाना, पितृपक्ष चालू आहे." गाडीत शांतता. कोंबडीसुद्धा गप्प. नानांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, "तेच सांगतोय साहेब. वऱ्हाड सगळं म्हाळाच्या जेवणाला चाललंय." पावती तेव्हाही फाटलीच. पण साहेब पावती देताना म्हणाले, की या उत्तराला निम्मी माफ करायची सोय असती तर केली असती. पुढचे आठ दिवस आम्ही सगळे एकाच घरच्या म्हाळाला जात होतो, आणि खताच्या व्यापाऱ्यांशी माझे संबंधही सुधारले.

मग लोक तरी का बसत? स्वस्त म्हणून नव्हे, भाडं एसटीएवढंच असे, कधी दोन रुपये वर. पण एसटी थांबते थांब्यावर, नाना थांबायचे माणसावर. आडवाटेला बांधावरून कुणी टोपी हलवली तरी त्यांना दिसायची. कराडच्या वसतिगृहात शिकणाऱ्या पोरांचे डबे यायचे, दवाखान्यातून लिहून दिलेली औषधं उलट जायची, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या, दुरुस्त केलेला पंप, 'आईला सांगा येत्या शनिवारी येतोय' असे तोंडी निरोप, आणि एकदा तर रुसून माहेरी आलेल्या सुनेची समजूतही. ही समजूत नानांनी नवारस्ता ते पाटण एवढ्या अंतरात काढली होती, आणि त्यासाठी गाडी मुद्दाम दुसऱ्या गिअरवर ठेवली होती. उधारी चालायची. वहीत नावं नसायची, खुणा असायच्या. 'बोरीखालची आत्ती, तीन खेपा'. माझ्या नावापुढे 'चष्मा' एवढंच होतं.

एसटीशी त्यांचं नातं भावकीसारखं होतं. रस्त्यावर उभा दावा, आणि स्टँडामागच्या टपरीवर एकाच बशीत चहा. स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत खाजगी गाड्यांना मनाई. ते अंतर नानांनी पावलांनी मोजून ठेवलं होतं आणि ट्रॅक्सचं पुढचं चाक बरोबर दोनशे एकाव्या मीटरवर असे. आवाजाला मनाई नव्हती. एसटीच्या कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. त्यामुळे टपरीवर नाना "मास्तर, बसा" म्हणाले की मी आणि कंडक्टर दोघेही बसायचो. कंडक्टर तावातावाने म्हणायचा, की नाना आमची शीटं पळवतात. नाना म्हणायचे, "तुमची? एसटी आली कधी? अठ्ठेचाळीसला. त्याच्या आधी कोण हुतं?" आणि ते खरंच होतं. एसटीच्या आधी गावोगाव खाजगी सर्व्हिस मोटारीच धावत. महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या धुरावरही चालत. त्याही भरल्याशिवाय सुटत नसत. नानांच्या दृष्टीने मूळ घराणं त्यांचंच होतं, एसटी ही मागून आलेली. मघाशी ती थोरली बहीण होती, याची आठवण करून देण्यात अर्थ नव्हता.

निवृत्त झाल्यावर मला वाचायचा नाद लागला, आणि वाचलेलं कुणाला तरी सांगायचा शिक्षकी रोग होताच. नानांना सांगितलं, की तुर्कस्तानातही अशा गाड्या आहेत, त्यांना दोलमुश म्हणतात. दोलमुश म्हणजे भरलेलं. ज्या धातूवरून तो शब्द आला, त्याच धातूवरून तिकडच्या भरलेल्या वांग्यांचं नावही आलं. नाना खूश झाले. "मग बराबर हाय! देठासकट भरायचं, फकस्त उकलून द्यायचं न्हाई." मग हाँगकाँगचं सांगितलं. १९६७ साली तिथे दंगली उसळल्या, बसवाले संपावर गेले, आणि रस्त्यावर विनापरवाना छोट्या गाड्या उतरल्या. लोकांची सोय झाली. १९६९ साली सरकारने त्यांना रीतसर मान्यता दिली. आजही त्या धावतात.

"सदुसष्ट म्हंजी आपल्या भूकंपाचं साल," नाना म्हणाले. "आन् एकोणसत्तरला परवाना? दोन वर्सांत?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग धंद्याचा प्रश्न आला. "शीट किती?"

"आधी सोळा होती. २०१७ पासून एकोणीस. उभं राहायची परवानगी नाही. एकोणीस भरली की विसावा माणूस खालीच राहतो."

नाना चहा प्यायचे थांबले. "खाली ठिवत्यात? भरल्या गाडीनं त्याच्यासमोरनं निघून जायाचं?" त्यांना ते कल्पनेतही जमेना. "मग त्यो घरी कसा जातोय?"

आपल्याकडेही संप आला. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटी ठप्प झाली आणि सरकारने खाजगी गाड्यांना प्रवासी न्यायला परवानगी दिली. आयुष्यभर दोनशे एकाव्या मीटरवर उभी राहिलेली ट्रॅक्स त्या दिवसांत स्टँडात शिरली आणि थेट फलाटाला लागली. मी मुद्दाम बघायला गेलो. वाटलं, नाना हत्तीवरून साखर वाटत असतील. तर ते स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसले होते. माणसं रांग लावून येत होती, गाड्या आपोआप भरत होत्या. हाळी द्यायला नको, ओढायला नको, पळायला पुढे एसटी नको. "पैसा हाय सर," म्हणाले, "पर चव न्हाई. पैलवानाला मोकळ्या आखाड्यात सोडल्यागत झालंय." टपरीवर कंडक्टर एकटा बसलेला असायचा. नाना त्याच्या चहाचे पैसे द्यायचे आणि तो ते नाकारायचा, पण उठेपर्यंत दिलेले असायचे. एप्रिलपर्यंत हे असंच चाललं.

मग जे आलं त्याला नानांकडे उतारा नव्हता. २०२२ च्या ऑगस्टात पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. नानांच्या आई, वय पंच्याऐंशीच्या घरातलं, आयुष्यात चार वेळा गावाबाहेर गेलेल्या, त्या रोज कुठे ना कुठे जाऊ लागल्या. आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. नाक्यावरची निम्मी हाळी ज्यांच्यासाठी होती त्या मावश्या, ताया, आत्त्या एका दिवसात स्टँडात गेल्या. नाना ओरडायचे, "या मावशी, सुटलीच!" मावशी जाता जाता म्हणायच्या, "आमची बी सुटलीच की रं, निम्म्यात!" पहिल्या महिन्यात त्यांनी भाडं उतरवून बघितलं. डिझेल उतरेना. एका सकाळी दोनशे एकाव्या मीटरवरून त्यांनी बघितलं, तर एसटीच्या रांगेत त्यांची कारभारीण, सून आणि सगळ्यात पुढे काठी टेकत आई. तिघी नाईकबाला चालल्या होत्या. आईने लांबूनच हात केला. नानांनीही केला. त्या दिवशी ते एकही खेप न करता घरी गेले, घरी कुणी नसल्याने स्वतः चहा करून प्यायले, आणि एवढं करून चहा पांचट झाला, हे मला त्यांनी दोनदा सांगितलं.

ट्रॅक्स विकली. दगड तेवढा ठेवला. तो आता त्यांच्या घराच्या फाटकाला आहे.

गेल्या दिवाळीत मी कराडहून मल्हारपेठेला एसटीने निघालो होतो. गाडी गच्च, बहुतेक बायकाच. मधल्या बाकावर खिडकीशी नाना. नवा कोरा कंडक्टर तिकीट फाडत आला. नाना म्हणाले, "निम्मं." पासष्ट झाल्याशिवाय पुरुषांना अर्धं तिकीट मिळत नाही, तेव्हा कंडक्टरने पुरावा मागितला.

"भूकंपात आठ वर्साचा हुतो."

"कुठल्या भूकंपात?"

नानांनी त्या पोराकडे असं बघितलं, की त्याने आधार कार्ड न बघताच अर्धं तिकीट काढलं. मग नानांनी आजूबाजूला नजर टाकली. बाकावर तिघी ऐसपैस, आणि मधल्या वाटेत आठ-दहा जणी दांडीला लोंबकळत उभ्या. ते त्यांना बघवेना. "आवं ताई, तुमी जरा फुडं. तुमी मागं टेका. हां, एक फुडं, एक मागं. त्या पोराला मांडीव घ्या." दोन मिनिटांत चौघी बसल्या. कंडक्टरने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

वेळ झाली होती. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, कंडक्टरचा हात घंटीकडे गेला. एवढ्यात नानांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. लांब, फाटकाच्या पलीकडे, डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई धावत येत होती. संप, सवलती, विकलेली ट्रॅक्स यांतलं काहीही त्या आवाजाला लागलेलं नव्हतं.

"या मावशी, या, सुटलीच बघा!"

कंडक्टर वैतागून म्हणाला, "आजोबा, किती थांबायचं?"

नानांनी मागे वळूनही बघितलं नाही. रस्त्याच्या टोकाकडे बघत म्हणाले, "दोन शीट."